शंभर जणांची यादी

ईस्टरच्या जेवणात, कॉफी येईपर्यंत, फुटबॉलचं नाव काढायचं नाही, असं पॉलीननं दारातच बजावलं होतं. कोट काढून घेताना एकेकाला बजावलं. मुलाला, सुनेला, मुलीला, दोन्ही नातवांना. तेरा महिन्यांनी सोपको मंडळी एका टेबलाशी बसत होती. पॉलीनच्या लसीचे दोन्ही डोस झाले होते. दिवंगत नवऱ्याची, एमिलची खुर्ची तिनं स्वतःच खिडकीखाली नेऊन ठेवली होती आणि चुकून कुणी तिच्यावर बसू नये म्हणून वर लिलीची कुंडी ठेवली होती.

लोरेन "बरं, आई" म्हणाली होती. हा शब्द आपण पाळणार नाही, हे तिला गाडी लावतानाच माहीत होतं.

हॅम वाढून होईपर्यंत तिनं दम धरला. टेबलाच्या मधोमध लोण्याचं कोकरू होतं, काल चर्चच्या पार्किंगमध्ये फादरनी गाडीच्या खिडकीतूनच पवित्र पाणी शिंपडून दिलेलं. त्याची मान कोण कापणार, यावरून मुलांची दरवर्षीची मस्करी चालू होती. ब्रेट तिचा एकुलता एक, बावीस वर्षांचा. जोएल तिच्या भावाचा, एकोणिसावं नुकतंच लागलेलं. दोघांचे खांदे इतके रुंद की पॉलीननं त्यांना टेबलाच्या दोन टोकांना बसवलं होतं.

"तू काप," ब्रेट म्हणाला. "तुझ्या मनगटात फार जोर आलाय म्हणे हल्ली."

"छे, ज्येष्ठांचा मान," जोएल म्हणाला. "संघातली पोरं तुला आजोबाच म्हणतात."

"ग्रेग," लोरेन म्हणाली, "यादी उद्या लागणार ना?"

टेबलावरचं हसू विरलं.

"लोरेन," पॉलीन म्हणाली.

"आई, मला रात्रपाळीला जायचंय. त्याआधी दोन तास झोपायचंय. कॉफीची वाट बघत बसले तर विचारायचं राहूनच जाईल." ती भावाकडे वळली. "उद्या दुपारी तुम्ही दारावर कागद चिकटवणार, आणि माझ्या मुलानं घोळक्यात टाचा उंचावून त्यात आपलं नाव शोधायचं? सख्खा मामा असून? ते मला चालणार नाही. काय असेल ते आज सांग."

ग्रेगनं रुमालानं तोंड पुसलं. केस्टनरच्या कॉलेजातल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो अकरा वर्षं मुख्य कोच होता आणि लोकांच्या प्रश्नांना सावकाश उत्तर द्यायची त्याला सवय होती. पण हा प्रश्न त्याच्यासाठीही सावकाशीचा राहिला नव्हता. गेल्या जुलैत साथीमुळे सगळा हंगाम रद्द झाला. त्या बदल्यात प्रत्येक खेळाडूला खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या संपल्यावर हिशेब लागला. शेवटच्या वर्षाची जी मुलं पदवी घेऊन जायची, त्यातली सतरा राहिली. नवीन मुलं दरवर्षीप्रमाणे आलीच. कपाटं तेवढीच, खोल्या तेवढ्याच, आणि संघात नावं झाली एकशे एकोणीस. मार्चमध्ये कॉलेजनं कळवलं: शंभर. त्यापुढे एकही नाही. एकोणीस नावं कोच सोपकोंनी गाळावीत.

"ब्रेट यादीत आहे," ग्रेग म्हणाला.

लोरेननं हातातला काटा खाली ठेवला. तिनं घरून आठ-दहा वाक्यं तयार करून आणली होती. तीन वर्षं तो दुसऱ्याच्या मागे उभा राहिला. मागचा हंगाम त्याचा होता, चेंडू मागे देणाऱ्या मधल्या जागेवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तोच नेमका झाला नाही. बाबा त्याचा एक तरी सामना बघायचे म्हणून थांबले होते आणि त्याआधीच गेले. यातलं एकही वाक्य आता लागणार नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "मग ठीक आहे."

ब्रेटनं मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. शेरिलनं, ग्रेगच्या बायकोनं, त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघ, उगाच आठवडाभर जेवण सोडलं होतंस."

"आणि मी?" जोएलनं विचारलं.

ग्रेग बीटच्या वाटीकडे हात नेत होता. तो हात तिथंच थांबला.

"डॅड. आणि मी?"

"ते आपण घरी बोलू."

"हे घरच आहे," पॉलीन म्हणाली.

"मधल्या जागेचे चौघं आहेत," ग्रेग म्हणाला. त्याचा आवाज मैदानावरचा झाला होता, सपाट. "तिघं ठेवायचेत. ब्रूनो आणि तो तिसऱ्या वर्षाचा पार्क, हे दोघं नक्की. उरलेली एक जागा."

शेरिलनं ब्रेटच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"तू मला हे सांगितलं नाहीस," ती नवऱ्याला म्हणाली. "काल रात्री माझ्याबरोबर अंडी रंगवत बसला होतास, तेव्हाही नाही."

जोएल उठला. त्यानं खुर्ची हळूच मागे घेतली, रुमालाची घडी घातली आणि मागच्या दारानं गॅरेजकडे गेला. दार आपटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

*

ग्रेगला वाटलं होतं, आई ताटं उचलेल. ती जागची हलली नाही. ब्रेट जोएलच्या मागोमाग गेला, दोघी बायका भांडी घेऊन आत गेल्या आणि टेबलाशी मायलेक उरले.

"तो ब्रेटपेक्षा कमी आहे का?" पॉलीननं विचारलं.

"आई, तुला यातलं कळत नाही."

"पन्नास वर्षं दर शनिवारी त्या लोखंडी बाकांवर बसून पाठीचं भुस्काट करून घेतलंय मी. मला कळतं. कमी आहे का?"

ग्रेगनं रुमाल खाली ठेवला. "माहीत नाही."

"कोच आहेस ना?"

"त्या दोघांचे सराव मी नीट बघितलेच नाहीत. बघायचं म्हटलं की डोळे दुसरीकडे जातात. जोएलनं चांगलं केलं की मला वाटतं, माझा म्हणून चांगलं दिसतंय. वाईट केलं की वाटतं, माझा म्हणून मी जास्त कडक बघतोय. शेवटी ठरवलं, ब्रेटला ठेवायचं. त्याच्यावर अन्याय झालाय. आणि स्वतःच्या मुलाला काढणाऱ्या कोचला बाकीच्या अठरा जणांचे आई-बाप काही बोलू शकत नाहीत. एकसुद्धा फोन येणार नाही मला."

"हां," पॉलीन म्हणाली. "आता खरं बोललास."

"यात चुकलं काय? बाबांनी हेच केलं असतं."

"केलंच होतं."

हे कधी तरी येणार हे ग्रेगला ठाऊक होतं. गावातला कारखाना आचके देत होता त्या वर्षी तो चौदा वर्षांचा होता. एमिलच्या हाताखाली चार फोरमन होते आणि फोरमन लोकांना युनियनचं छत्र नव्हतं. कामावरून काढायला चौघांपैकी एकाचं नाव द्या, असं एमिलला वरून सांगण्यात आलं. त्यानं सख्ख्या धाकट्या भावाचं, ज्युलियसचं नाव दिलं. दोघं जण ज्युलियसच्या मागून लागलेले होते, एक तर दारू पिऊन यायचा. ज्युलियस दोन लहान मुलं घेऊन टेक्सासला गेला तो आईच्या मयतालासुद्धा आला नाही.

"गावात एक माणूस बाबांना नावं ठेवू शकला नाही," ग्रेग म्हणाला. "आजही लोक सांगतात. एमिल सोपको म्हणजे सरळ माणूस."

"गावाला काय जातंय म्हणायला? टेक्सासला दर नाताळात पत्र कोण लिहायचं? मी. उत्तर कोण द्यायचं? त्याची बायको. एमिल गेल्याचं कळवलं तेव्हा फुलं आली, त्याबरोबर चिठ्ठीसुद्धा नव्हती." तिनं टेबलावरचा पास्का पावाचा चुरा तळहातानं गोळा केला. "ग्रेगरी, तुझ्या बाबांशी मी अठ्ठावन्न वर्षं संसार केला, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. तो सरळपणा नव्हता. लोक काय म्हणतील याची भीती होती ती. त्याला शेवटपर्यंत माहीत होतं. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, ज्युल चौघांत सगळ्यात चांगला होता."

ग्रेगनं हे कधी ऐकलं नव्हतं. तो खिडकीखालच्या खुर्चीकडे बघत राहिला.

"मग काय करू?" त्यानं विचारलं. "ब्रेटला काढू? लोरेनला काय तोंड दाखवू?"

"ते मला नको विचारूस," पॉलीन म्हणाली. "मला यातलं काय कळतंय."

*

स्वयंपाकघरात शेरिल भांडी घासत होती आणि लोरेन पुसत होती.

"तुझं काम झालं," शेरिल म्हणाली. "आता जाऊन झोप दोन तास."

"शेरिल, मला माहीत नव्हतं."

"तुला माहीत नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो कोकरू खात बसलाय." तिनं परात इतक्या जोरात घासली की साबणाचं पाणी दोघींच्या अंगावर उडालं. "गेलं वर्षभर तो पोरगा गॅरेजमध्ये आजोबांची वजनं उचलतोय. कॉलेज म्हणजे खोलीत बसून पडद्याकडे बघायचं, मित्र नाही, सामना नाही. एक दिवस नाही चुकवला त्यानं. थंडीत त्या लोखंडाला हात चिकटायचे, तरी नाही."

लोरेन ताट पुसत राहिली. ते केव्हाच कोरडं झालं होतं. ती ज्या वृद्धाश्रमात नर्स होती तिथं गेल्या हिवाळ्यात एकवीस माणसं गेली होती. त्या महिन्यांत ती एक गोष्ट शिकली होती: जे बोलायचं ते त्याच दिवशी बोलावं. जाणाऱ्याच्या कानाशी नातेवाइकांचा फोन धरून ठेवावा, पलीकडच्याला ऐकू येतंय की नाही याची वाट बघू नये. ती जे मागायला आली होती ते तिला मिळालं होतं. गप्प बसली तर उद्या दुपारी कागदावर ब्रेट सोपको-हेन्स हे नाव असणार होतं आणि सप्टेंबरात ती त्या बाकांवर बसणार होती. फक्त गप्प बसायचं होतं.

तिला ज्युलकाका आठवला. तो तिला खांद्यावर बसवून नदीकाठी न्यायचा.

"शेरिल, हे ठेव," तिनं ताट तिच्या हातात दिलं आणि ती बाहेरच्या खोलीत गेली.

*

गॅरेजमध्ये जोएल बाकावर बसला होता आणि ब्रेट दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"मी सांगतो त्यांना," ब्रेट म्हणाला. "नको मला. इलेक्ट्रिशियन लोकांच्या युनियनमध्ये माझं नाव लागलंय. जूनपासून ये म्हणतायत."

"मग जा ना. माझ्यावर उपकार करून जाऊ नकोस म्हणजे झालं."

"तुझ्यावर कोण उपकार करतंय? नखाएवढा पोरगा तू."

"नखाएवढा एकशे तीस किलोचा."

दोघंही थोडे हसले. मग जोएल म्हणाला, "ब्रेट, खरं सांग. तुला खेळायचंय?"

"पहाटे चारला गोदामात खोकी उचलायचो मी. एका विषयापुरतं कॉलेजात नाव ठेवलं, का? फक्त यासाठी. अरे, मला एकदा, फक्त एकदा, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत खेळायचंय. बाकी काही नको."

"मलाही खेळायचंय."

"माहितीये."

"मग तू सोडायचं नाहीस आणि मीही सोडणार नाही," जोएल म्हणाला. "मला काढलं याचा राग नाही आला. मला न बघता काढलं याचा आला. नऊ सराव झाले. बिव्हन्स कोच रोज मला बचावफळीतल्या ओकाफोरसमोर उभं करतात. त्याला मी किती वेळा अडवलं, किती वेळा त्यानं मला पाडलं, सगळं कॅमेऱ्यात आहे. तुझंही आहे. कॅमेऱ्याला ना बाप असतो ना मामा."

ब्रेटनं त्याच्याकडे नीट बघितलं. वर्षापूर्वीपर्यंत हा पोरगा बोलताना चाचरायचा.

"चल आत," तो म्हणाला.

*

ते आत आले तेव्हा लोरेन आणि ग्रेग समोरासमोर उभे होते.

"मी ब्रेटसाठी भांडायला आले होते," लोरेन म्हणत होती. "पण त्याला इतरांसारख्याच नजरेनं बघ, एवढंच म्हणणार होते. आत सगळं ऐकू आलं मला, तू तर दोघांपैकी एकालाही बघितलं नाहीस. माझ्या मुलाला तू दया म्हणून ठेवलंस आणि तुझ्या मुलाला शोभेसाठी काढलंस. दोघांचाही अपमान केलास."

"मला बघताच येत नाही, लोरेन. आत्ता आईला तेच सांगत होतो."

"मग ज्याला येतं त्याला बघू दे."

"डॅड," जोएल दारातूनच म्हणाला, "बिव्हन्स कोचना ठरवू दे. तुम्ही खोलीतसुद्धा बसायचं नाही. एवढ्या एका जागेचं ते ठरवतील. ते म्हणाले मी नको, तर मी नको. पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

"मी मुख्य कोच आहे. यादीवर सही माझी असते."

"सही तुमचीच करा. नाव त्यांना लिहू दे."

ग्रेग भाच्याकडे वळला. "ब्रेट, तुझं नाव त्यात आहे. हे सगळं ऐकून उद्या बिव्हन्स काय ठरवेल याची मला हमी देता येणार नाही. कळतंय ना? आहे तसं राहू दे म्हणालास तर कुणी तुला बोल लावणार नाही."

सगळ्यांनी ब्रेटकडे बघितलं. लोरेननं मात्र बघितलं नाही. ती कुंडीतल्या लिलीकडे बघत होती, कारण मुलानं "राहू दे" म्हणावं असं तिला अजूनही वाटत होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असतं.

"बिव्हन्स कोच चालतील मला," ब्रेट म्हणाला.

पॉलीन उठली. "आता कॉफी करते," ती म्हणाली.

*

टेरेल बिव्हन्स मकीसपोर्टचा. संघाच्या धिप्पाड पोरांना अडवायला शिकवणारा सहायक कोच आणि ग्रेगचा आठ वर्षांचा सोबती. सोमवारी सकाळी सातला ग्रेगनं त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं डोनट खाली ठेवला.

"म्हणजे तुझ्या घरचं भांडण माझ्या ताटात."

"हो."

"नाही म्हणू शकतो?"

"नाही."

"मग बाहेर जा," बिव्हन्स म्हणाला. "आणि काचेतून डोकावू नकोस."

ग्रेग अडीच तास वजनांच्या खोलीतल्या बाकावर बसून होता. बाकीच्या अठरा नावांचे फोन त्यानं तिथूनच केले. दारावर कागद लावायच्या आधी प्रत्येकाला स्वतः सांगायचं, हे त्यानं काल रात्री ठरवलं होतं. एक मुलगा रडला. एकाच्या आईनं फोन हिसकावून घेतला आणि दहा मिनिटं सुनावलं. तो ऐकत राहिला. एकानं विचारलं, "कोच, मागचं वर्ष खेळलो असतो तर?" "माहीत नाही, बाळा," एवढंच ग्रेग म्हणाला.

साडेनऊला बिव्हन्सनं दार उघडलं. फळ्यावर दोन रकाने होते, आकड्यांनी भरलेले.

"जोएल," तो म्हणाला.

ग्रेग खुर्चीत बसला. पहिल्यांदा जे वाटलं तो आनंद होता, आणि तो आनंद झाल्याबद्दल त्याला स्वतःची शरम वाटली.

"सांग मला."

"डोक्यानं ब्रेट पुढे आहे. समोरचे कसे उभे राहिलेत हे बघून आपल्या पाचही जणांना कुणी कुणाला अडवायचं हे तो सांगतो ना, तसं सांगणारा आपल्याकडे दुसरा नाही. जोएलला त्यातलं निम्मंही येत नाही. पण पाय..." बिव्हन्सनं पडद्यावर दोन चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या. "हा ब्रेट. चेंडू मागे दिला, आणि बघ, पहिलं पाऊल. उशिरा. हा जोएल. दिसलं? दर वेळी असंच आहे. वर्षभर खोकी उचलून पाठ तयार होते, पाय जातात. डोकं मी शिकवू शकतो. पाय सप्टेंबरपर्यंत परत येतील का, ते देव जाणे, आणि कागद आज लागायचाय."

"आणि मागच्या सप्टेंबरात?"

"मागच्या सप्टेंबरात हा प्रश्न विचारला असतास तर मी तुला वेड्यात काढलं असतं," बिव्हन्स म्हणाला. "ब्रेटच होता. दुसरं कुणी नव्हतं."

*

लोरेनच्या घरी ग्रेग पोचला तेव्हा तिची गाडी नुकतीच लागली होती, इंजिनाचा कडकड आवाज अजून येत होता. दार ब्रेटनं उघडलं. मामाचा चेहरा बघून तो बाजूला झाला.

"बसून सांगा," तो म्हणाला.

ग्रेगनं सगळं सांगितलं. रकाने, पाय, डोकं, आणि मागच्या सप्टेंबराबद्दल बिव्हन्स जे म्हणाला तेही. ते सांगावं की नाही यावर गाडीत त्याचं ठरत नव्हतं, पण आता अर्धवट काही सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं. लोरेन रात्रपाळीच्या कपड्यांतच सिंकला टेकून उभी होती. तिनं भावाला कॉफी विचारली नाही. बस म्हणाली नाही. एकदाच तिचा हात वर उचलला गेला आणि पुन्हा ओट्यावर आला.

ब्रेट टेबलाच्या लाकडावर अंगठा घासत होता.

"मी बघितलंय ते पाऊल," तो म्हणाला. "मला वाटलं, मलाच दिसतंय."

"ब्रेट—"

"थांबा, मामा. एक विचारू? सराव सहा उरलेत. नाव शंभरांतून गेलं, पण सत्र संपेपर्यंत मी कॉलेजचा आहे. मैदानावर यायला बंदी आहे?"

"नाही. का?"

"कुणी कुणाला अडवायचं त्या हाका जोएलला देता येत नाहीत. तो समोर बघतो, डावीकडे बघतच नाही. ब्रूनो त्याला शिकवणार नाही, त्याला स्वतःचीच पडलीय. सहा दिवसांत मी त्याला निम्मं तरी शिकवीन." त्यानं अंगठा टेबलावरून उचलला. "जूनपासून मला कामावर जायचंय. तोवर येतो."

"तुला हे करायची गरज नाही."

"गरज नाहीच आहे," ब्रेट म्हणाला. "डोक्यात आहे ते मग कुठे घेऊन जाऊ? इलेक्ट्रिशियन लोकांना त्याचा काय उपयोग?"

ग्रेग निघाला तेव्हा लोरेन दारापर्यंत आली. ती काही तरी बोलेल म्हणून तो पायरीवर थांबला. तिनं दार लावून घेतलं.

आत तिनं मुलाचं डोकं पोटाशी धरलं. तो बसलेला होता म्हणून तेवढं जमलं. "मी काल गप्प बसले असते तर—" ती म्हणाली.

"तर मी सप्टेंबरभर जोएलच्या तोंडाकडे बघू शकलो नसतो," ब्रेट तिच्या कपड्यांत तोंड खुपसून म्हणाला. "मॉम, थोडा वेळ बोलू नकोस."

*

मंगळवारी दुपारी लोरेन तीनला उठली. तिनं तोंड धुतलं, मास्क लावला आणि गाडी मैदानाकडे घेतली. दोन हिवाळे लोटले होते तिला तिथं येऊन. कुंपणापाशी दोन-तीन आई-बाप लांब लांब उभे होते. तिनं कुणाकडे बघितलं नाही.

मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात पाच धिप्पाड पोरं ओळीत वाकली होती. मध्ये जोएल. त्याच्या मागे, साध्या पँटीत आणि टोपीत, ब्रेट. खेळाचे पॅड चढवलेले नव्हते, हेल्मेट नव्हतं. तो जोएलच्या कानाशी काही सांगत होता. जोएलनं हाक दिली. ब्रेटनं नकारार्थी मान हलवली. जोएलनं दुसरी दिली. ब्रेट पुढे गेला, गुडघ्यावर बसला, जोएलचा डावा पाय हातानं धरून चार बोटं मागे सरकवला आणि ओकाफोरकडे बोट दाखवलं. ओकाफोर आपली जागा बदलून दुसरीकडे उभा राहिला.

ग्रेग शिट्टी गळ्यात अडकवून कुंपणाशी आला. तिच्यापासून दोन हातांवर थांबला.

"आलीस," तो म्हणाला.

"त्याला बघायला आलेय."

"तो खेळत नाहीये, लोरेन."

"दिसतंय मला."

वारा नदीकडून येत होता.

"तू अजून रागावलीयेस," ग्रेग म्हणाला.

"हो. अजून बरेच दिवस राहीन." तिनं हात कुंपणाच्या जाळीत अडकवले. "पण टेक्सासला नाही जाणार. रविवारी आईकडे येईन. आता जा, तुझी पोरं थांबलीयेत."

ग्रेग गेला. पलीकडे जोएलनं हाक दिली, या वेळी मोठ्यानं, आणि डावीकडच्या दोन पोरांनी पाय हलवले. चेंडू मागे गेला. ओकाफोर धडकला. जोएल एक पाऊल सरकला आणि तिथंच पाय रोवून उभा राहिला.

ब्रेटनं टोपी काढून कपाळ पुसलं.

"पुन्हा," तो म्हणाला, आणि पाचही जण खाली वाकले.